पाव्हलीनाचं खुराडं

येल्शिंका गावात कुणी बाई बाळंत झाली की दोन-तीन दिवसांत पाव्हलीना हुदाकोवा रस्त्यावर दिसायची. एका हातात निळ्या एनॅमलचं पातेलं, त्यावर भरतकामाचं फडकं, दुसऱ्या हातात गोड पावांची टोपली, आणि चेहरा असा की वाटेत कुणी हवापाण्याचं विचारलं तर त्याची खैर नाही. सूप निवेल म्हणून ती कुणाशी बोलायची नाही. एकदा समोरून पाद्रीबाबा आले, त्यांनी आशीर्वादाला हात उचलला, तर "बाबा, परत येताना," एवढं म्हणून ही पुढे.

बाळंतिणीनं सहा आठवडे चुलीशी जायचं नाही, तिच्या कोपऱ्यातल्या पलंगावर पडून राहायचं आणि बाळाच्या क्मोत्रानं तिला कोपऱ्यात सूप आणून द्यायचं, ही तिथली रीत. क्मोत्रा म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाला हातावर धरणारी मानलेली आई. आता बाळाला हातावर धरायला कुणीही चालेल, पण सूप कुणाचंही चालत नाही. ते जुन्या, चरबी धरलेल्या कोंबडीचं लागतं. तासन् तास मंद आचेवर ठेवलेलं, आत घरच्या शेवया, वर पिवळा तवंग. तवंग जितका जाड तितकं दूध जास्त, हे येल्शिंकात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. आणि पाव्हलीनाच्या सूपावर जेवढा जाड तवंग यायचा तेवढा गावात कुणाच्याच सूपावर येत नसे. त्यामुळे अर्ध्या गावाची ती क्मोत्रा होती. दिवस गेल्याचं नवऱ्याच्या आधी हिला सांगणाऱ्या बायका होत्या.

बाळंतिणीनं वाडगं रिकामं केलं की पाव्हलीना स्टूल ओढून समोर बसायची, बाळाला अंगावर घ्यायला लावायची आणि त्याच्या गालाला बोट लावून म्हणायची, "पी रे, पी. शेवटच्या थेंबापर्यंत पी. आईकडे काही ठेवू नकोस." मग बाळ प्यायलं की स्वतःच प्यायल्यासारखी तृप्त होऊन, पातेलं घेऊन घरी. पातेलं न धुता परत न्यायचं, धुतलं तर दूध आटतं.

बाई तशी फटकळ. सरकारी शेतीच्या गोठ्यात तिनं सगळं आयुष्य काढलं. तिथे एकदा तपासणीला आलेल्या साहेबानं गाईंच्या आचळांबद्दल काही अक्कल शिकवली, तेव्हा तिनं त्याच्या हातात बादली दिली आणि म्हणाली, "बसा, दाखवा काढून." साहेब बसला नाही. ही गोष्ट गाव अजून सांगतं. पण त्या तोंडाळ बाईला खरा अभिमान होता तो दोनच गोष्टींचा, एक तिची मुलगी आगाता आणि दुसरं तिचं खुराडं.

खुराडं तिच्या नवऱ्यानं, वासिलनं, बांधलेलं. वासिल कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या रसायनांच्या कारखान्यात कामाला होता. गावातली निम्मी पुरुषमाणसं तिथेच. कारखान्यात एक दाट, वासाचं तेल व्हायचं. मोठमोठ्या विजेच्या यंत्रांत ते घालत म्हणे. ते जळत नाही, नासत नाही, लाकडाला लावलं तर कीड धरत नाही. नव्या वर्षाला मुकादम प्रत्येकाला एकेक डबा भरून द्यायचा, वर म्हणायचा, "बायकोला सांग, कारखान्याकडून भेट." डबे सायकलींना लटकवून माणसं फाटकातून बाहेर पडायची. फाटकावरचा पहारेकरी एमिल हसून हात हलवायचा, कारण त्याच्याही सायकलला तसाच डबा असायचा.

वासिलनं ते तेल हिरव्या रंगात कालवलं आणि खुराड्याला आतून-बाहेरून दिलं. दर दोन-चार वर्षांनी पुन्हा देत राहिला. शेजारपाजारच्या कोंबड्या उन्हाळ्यात उवा-पिसवांनी हैराण व्हायच्या, अंग खाजवून खाजवून पिसं गाळायच्या, अंडी द्यायच्या बंद व्हायच्या. पाव्हलीनाच्या कोंबड्या राण्यांसारख्या बसून असायच्या. फळ्यांवरचे रंगाचे पोपडे टिपायच्या, खाली मातीत लोळायच्या आणि गुबगुबीत व्हायच्या. "माझ्या खुराड्यात एक पिसू दाखव, मी तुला कोंबडी फुकट देते," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला आव्हान द्यायची. पिसू कुणाला सापडली नाही.

वासिल साठी न गाठताच यकृताच्या दुखण्यानं गेला. लोक म्हणाले, दारू. वासिल नाताळच्या दिवशी एक घोट घ्यायचा आणि तोही तोंड वाकडं करून, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी म्हणाले, दारू. कारखान्याच्या डॉक्टरनंही तसंच लिहिलं. पाव्हलीना त्या डॉक्टरच्या दारात जाऊन आली, बोंबलून आली, आणि काही झालं नाही. तिचा राग तेव्हापासून जो चुलीवर चढला तो उतरलाच नव्हता. फक्त कशावर काढायचा ते तिला सापडत नव्हतं.

मग आगाता बाळंत झाली. बारीक चणीची, अबोल, डाव्या कानानं लहानपणापासून थोडी कमी ऐकणारी मुलगी. नवरा ल्युबोश एसटीसारख्या तिथल्या सरकारी बसवर चालक, दोघंही पाव्हलीनाच्याच घरात राहत. मुलगा झाला, शिमोन. पाव्हलीनानं पातेल्यावर पातेली चढवली. स्वतःच्या मुलीच्या कोपऱ्यात सूप न्यायला रस्ता ओलांडावा लागत नव्हता, म्हणून की काय, दिवसातून दोनदा न्यायला लागली.

"आई, आता पुरे. मी फुटेन."

"तू फुटशील, पण दूध वाढेल. खा."

तालुक्याच्या दवाखान्यात असताना आगाताकडून एका डॉक्टरीणबाईनं थोडंसं दूध मागून घेतलं होतं. अभ्यासाला हवंय म्हणाली. आगातानं दिलं आणि विसरून गेली. शिमोन हुंकार भरायला लागला तेव्हा एका दुपारी तीच डॉक्टरीण, ब्लाझेकोवा तिचं नाव, आपल्या मोटारीनं येल्शिंकात आली.

दारात आलेल्या माणसाला पाव्हलीना आधी जेवायला बसवायची, मग काम विचारायची. तिनं डॉक्टरीणबाईपुढे सूप ठेवलं. बाईनं चमचा उचलला, तवंगाकडे पाहिलं आणि चमचा खाली ठेवला.

"काय झालं? माशी पडली?"

"नाही. कोंबडी घरची का?"

"मग काय, पाहुण्याला दुकानातली घालू?"

"तुमचं खुराडं बघू?"

पाव्हलीना खूश झाली. शहरातली शिकलेली बाई खुराडं बघायला आली! तिनं दार उघडून दाखवलं, आव्हान दिलं, "एक पिसू शोधा." बाईनं वाकून फळीवरचा पोपडा नखानं उचकटला, नाकाशी नेला.

"हा रंग कुठला?"

"नवऱ्यानं दिलाय. कारखान्याचं तेल घालून. आज इतकी वर्षं झाली, लाकूड बघा, कालचं वाटतंय की नाही?"

डॉक्टरीणबाईनं हात रुमालाला पुसला, रुमाल घडी करून पिशवीत टाकला. मग ती घरात येऊन आगाताच्या पलंगावर बसली आणि हळूहळू सांगायला लागली. आगातानं उजवा कान तिच्याकडे केला.

त्या तेलात एक रसायन होतं. कारखान्यानं ते करणं केव्हाच बंद केलं, पण ते कालव्याच्या गाळात आहे, माशांत आहे, या फळ्यांत आहे. ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत जाऊन बसतं. कोंबडीच्या चरबीत, अंड्याच्या पिवळ्या बलकात, मग खाणाऱ्याच्या अंगात. आगाताच्या दुधात ते इतर बायकांपेक्षा कितीतरी जास्त निघालं होतं.

"मग औषध द्या," पाव्हलीना म्हणाली. "रेच द्या, काहीतरी द्या. बाहेर काढा ते."

"ते असं निघत नाही, बाई. पुरुषाच्या अंगात तर आयुष्यभर राहतं."

"आणि बाईच्या?"

"बाईला एक वाट असते. दूध."

"हां, म्हणजे दुधातून निघून जातं ना? मग झालं तर."

"निघून बाळात जातं."

शिमोन आगाताच्या मांडीवर आपलीच मूठ चोखत होता.

"आणि हिच्यात कुठून आलं?" पाव्हलीनानं विचारलं. खरं तर तिला कळलं होतं. पण समोरच्या बाईच्या तोंडून ऐकल्याशिवाय ती कशावर विश्वास ठेवणारी नव्हती.

"अंडी, कोंबडी, कालव्यातले मासे. पण सगळ्यात आधी तुमच्या दुधातून. आईच्या अंगात साठलेलं सगळ्यात जास्त जातं ते पहिल्या बाळाला. जितकं जास्त पाजाल तितकं."

आगाता तिचं पहिलं आणि एकुलतं. लग्नानंतर किती नवस झाले, तेव्हा झालेली. चालायला लागली, बोलायला लागली तरी पाव्हलीनानं तिला अंगावरचं सोडवलं नव्हतं, आणि ते गावभर मिरवलं होतं. आईकडे काही ठेवू नकोस! पोरीनं ऐकलं होतं. काही ठेवलं नव्हतं.

"माझा कान..." आगाता म्हणाली. "त्यानंच का?"

"एका माणसाबद्दल तसं सांगता येत नाही," ब्लाझेकोवाबाई म्हणाल्या. "हजार मुलं तपासली तर म्हणता येतं की..."

"मला हजार नाहीत," पाव्हलीना ओरडली. "मला ही एकच आहे!"

ऐकत नाही म्हणून या मुलीच्या पाठीत तिनं किती धपाटे घातले होते! पोर डावीकडून हाक मारली की वळायचीच नाही. उर्मट, म्हणायची ही. आता तो प्रत्येक धपाटा तिच्या हाताला आठवत होता, आणि ती आठवण कुणावर फेकावी ते कळत नव्हतं, म्हणून ती समोर बसलेल्या बाईवरच तुटून पडली. तुम्हाला आत्ता कळलं? इतकी वर्षं काय करत होता? आमच्या पोरी प्यायल्या, पोरींची पोरं प्यायली, मग तुम्ही बाटली घेऊन आलात? ब्लाझेकोवाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग आगाताला म्हणाल्या, "पाजणं बंद करू नकोस. इतकं असूनही तुझं दूध त्याला हवंय, त्यात जे आहे ते डब्यात मिळत नाही. खाणं मात्र बदल. या घरातली अंडी, कोंबडी, चरबी, आजपासून बंद."

"विष आहे आणि पाज, असं सांगता?" पाव्हलीना म्हणाली.

"हो, बाई," डॉक्टरीण म्हणाली, आणि हे सांगताना तिलाही लाज वाटत होती, हे दिसलं. "तसंच सांगतेय."

ती गेल्यावर पाव्हलीनानं निर्णय देऊन टाकला. डब्याचं दूध. ल्युबोशनं बसच्या फेरीत शहरातून डबे आणले. त्यावर हसरं, गोबरं बाळ. पावडर झाली, आता पाणी. अंगणात विहीर होती, वासिलच्या बापानं खणलेली, गार, गोड पाण्याची. ल्युबोशनं दवाखान्यात विचारलं तर तिथली नर्स म्हणाली, कालव्याकाठच्या विहिरीचं पाणी तान्ह्याला अजिबात नाही. शेतांतलं खत झिरपलंय, नायट्रेट आहे, बाळ निळं पडेल.

"उकळून घेऊ की," पाव्हलीना म्हणाली.

"आई, उकळलं तर वाढतं, नर्स म्हणाली," ल्युबोश चाचरत म्हणाला. "पाणी उडून जातं, ते मागे राहतं."

पाव्हलीनानं हातातलं भांडं मोरीत आपटलं. आईचं दूध नको. विहिरीचं पाणी नको. कोंबडी नको, अंडं नको, मासा नको. "मग हे पोर काय हवा खाऊन जगणार? का हवेतही काही सोडलंय हरामखोरांनी?" हवेबद्दल ल्युबोशनं नर्सला विचारलं नव्हतं.

दुकानातून बाटलीचं पाणी आलं. शिमोननं डब्याचं दूध तोंडात घेतलं आणि बाहेर काढलं. पुन्हा घेतलं, पुन्हा काढलं. मग जो टाहो फोडला तो शेजारच्या अंगणात ऐकू जायला लागला. पोट दगडासारखं झालं. आगाताची छाती भरून भरून तटतटली, ताप आला. पाव्हलीनानं दुकानातली कोंबडी आणून सूप केलं. पांढरट, रडकं सूप, त्यावर नावालाही तवंग नव्हता. पण स्वच्छ होतं, निदान पिशवीवर तसं छापलेलं होतं. आगातानं वाडग्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"थोडं घे, बाळा. ही आपली नाही. दुकानातली आहे."

"तुझ्या हातचं नको, आई."

एवढंच म्हणाली. तिनं आवाजही चढवला नव्हता. पाव्हलीनाला आयुष्यात लोकांनी खूप काही ऐकवलं होतं आणि तिनं सवाई परत केलं होतं. आज मात्र तिनं वाडगं उचललं आणि स्वयंपाकघरात उभ्यानंच ते पाणचट सूप स्वतः पिऊन टाकलं, रागानं, चटका बसत असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीशी गेली तर आगाता तिथे उभी होती. छाती पिळून दूध मोरीत सोडत होती. दूध जाळीवरून गोल फिरून खाली जात होतं. आत शिमोन रडत होता.

"हे कुठं जातं गं?" आगातानं मागे न बघता विचारलं.

"काय कुठं?"

"मोरीचं पाणी. कुठं जातं?"

पाव्हलीनाला माहीत होतं, आगातालाही माहीत होतं. अख्ख्या गावाच्या मोऱ्या कालव्यातच जात होत्या.

"म्हणजे परत तिकडेच," आगाता म्हणाली. "मासा खाईल. बदक खाईल. मग फिरून कुणाच्या तरी कोपऱ्यात जाईल." तिनं ब्लाउजची बटणं लावली नाहीत. तशीच आत गेली, शिमोनला उचललं आणि अंगावर घेतलं. टाहो तुटला, घटाघट गिळल्याचा आवाज यायला लागला. ती दाराकडे बघून म्हणाली, "मी पाजणार आहे. डॉक्टरीण म्हणाली म्हणून नाही. त्याला हवंय म्हणून. तू मध्ये पडू नकोस."

पाव्हलीना दारात उभी होती. अशा वेळी स्टूल ओढायचं आणि बाळाच्या गालाला बोट लावायचं, हे तिच्या हाडात होतं. तिचा हात स्टुलाकडे गेलाही. मग तिनं तो मागे घेतला आणि बाहेर जाऊन खुराड्यासमोर उभी राहिली. आतून कोंबड्या तिला बघून, दाणे मिळतील म्हणून, आनंदानं कलकलायला लागल्या. त्यांना तिनं अशी शिवी हासडली की शेजारची योलाना कुंपणाशी धावत आली.

त्या महिन्यात गावच्या सभागृहात बैठक झाली. तालुक्याची माणसं आली, कारखान्याकडून इंजिनियर मिहोक आला. केस नीट भांग पाडलेले, आवाज मऊ. भिंतीवर चित्रं दाखवली, आकडे दाखवले. चरबी कमी खा म्हणाला. अंडी जपून खा म्हणाला. ज्यांच्या खुराड्यांना, कुंपणांना तो रंग आहे त्यांनी कोंबड्या मारू नयेत, विकू नयेत, जमिनीत पुरू नयेत.

"मग करायचं काय त्यांचं?" योलानानं विचारलं. "चर्चमध्ये न्यायच्या?"

लोक हसले. मिहोकही हसला. "सूचना येतील," म्हणाला.

पाव्हलीना उठली. "साहेब, माझ्या मुलीच्या दुधात तुमचं तेल निघालंय. मला कुणीतरी सांगा, याला जबाबदार कोण?"

मिहोकनं हात जोडल्यासारखे केले. "बाई, मला तुमचं दुःख समजतं. पण एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कारखान्यानं ते तेल घरगुती वापरासाठी कधीच दिलं नाही, विकलं नाही. ज्यांच्या घरी ते सापडतंय, ते कारखान्यातून बेकायदा बाहेर गेलेलं आहे. सरळच बोलायचं तर, चोरीला गेलेला माल आहे. त्यातून जे झालं त्याला कारखाना कसा..."

"चोरीचा?" पाव्हलीना म्हणाली.

"कायद्याच्या भाषेत, हो."

"माझा वासिल चोर?"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

सभागृहात जुने कामगार बसले होते. नव्या वर्षाला मुकादमाच्या हातून डबे घेतलेले, ते घेताना टोपी काढून आभार मानलेले. एकजण खाली बघत होता, एकजण खोकला. एमिल पहारेकरी मागच्या रांगेत होता, तो उठून बाहेर गेला. कुणीच तोंड उघडलं नाही. कुणी निवृत्तीचे पैसे जातील म्हणून घाबरत होतं, कुणाचा मुलगा अजून तिथेच कामाला होता. पाव्हलीनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती मिहोकवर जेवढी, तेवढीच या खाली घातलेल्या मानांवर. आधी त्यांनी वासिलला दारुडा केलं आणि आता चोर. मेलेल्या माणसाला एकदाच मारून यांचं पोट भरलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. सगळे चमकले, कारण ती ओरडली नव्हती. "चोरीचा माल असेल तर मालकाला परत करायला हवा."

घरी येऊन तिनं कोंबड्या डुकरांच्या जुन्या गोठ्यात कोंडल्या. ल्युबोशनं हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं आणि खुराडं उचकटायला घेतलं. फळी निघाली की पाव्हलीना खिळे ठोकून काढायची आणि फळ्या एकावर एक रचायची. वासिलनं खिळे असे मारले होते की एकेक काढताना घाम फुटत होता. "मेल्या, एवढं घट्ट कशाला बांधलंस," असं ती त्याच्याशी भांडत होती, आणि रडतही होती. ते दिसू नये म्हणून हातोडा जास्तच जोरात मारत होती. खालची माती तशीच राहिली. माती परत कशी करायची ते तिला सुचलं नाही.

शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळाली. सकाळी ट्रॉली निघाली तर मागून ल्युबोशची मोटार येऊन उभी राहिली, आत शिमोनला घेऊन आगाता.

"तू कशाला? त्या घाणीत पोराला घेऊन?"

"मी मोटारीतून उतरणार नाही. पण येणार."

कारखान्याच्या फाटकावर एमिल होता. केस पांढरे झालेले, गणवेश तोच. फळ्यांचा हिरवा रंग बघूनच त्याला कळलं.

"क्मोत्रा, हे काय?"

"तुमचा माल. घ्या, सही करा आणि फाटक उघडा."

"असं नाही घेता येत. हा धोकादायक कचरा आहे. त्याला परवाना लागतो, खास गाडी लागते, कागद लागतात."

"बाहेर जाताना लागले होते कागद?" पाव्हलीना त्याच्या अगदी तोंडाशी गेली. "वासिलच्या सायकलला डबा होता तेव्हा तू कागद मागितलेस? सांग की. तू हात हलवायचास. तुझं कुंपण कशानं रंगवलंय, एमिल?"

एमिल खालच्या आवाजात म्हणाला, "माझ्या तिन्ही पोरांना तूच सूप दिलंस, क्मोत्रा. मी काय बोलू?"

"हो, मीच दिलं." ती म्हणाली. "तुझ्या बायकोला दोन पातेली जास्तच दिली, तिला दूध कमी म्हणून. त्याचंही मला कुणीतरी सांगावं, मी काय करू."

त्यानं आत फोन लावला. बऱ्याच वेळानं इंजिनियर मिहोक फाटकाच्या गजांपलीकडे आला. त्याच्याबरोबर आणखी दोघंजण. फळ्यांपासून ते दूरच उभे राहिले.

"बाई, हे इथे ठेवता येणार नाही."

"का? तुमचंच आहे. परवा भर सभेत म्हणालात. आमच्याकडे चोरीचं काही ठेवत नाही आम्ही."

"ही नाटकं करून काही होणार नाही. ट्रॉली परत न्या, नाहीतर मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलवा. चोरीची तक्रारही करा. आरोपी कबरस्तानात आहे, डाव्या हाताला तिसरी कबर. उकरून विचारा त्याला, मुकादमानं काय म्हणून दिलं होतं ते."

मिहोकच्या मागचा एकजण हसला आणि लगेच गंभीर झाला. तेवढ्यात मोटारीत शिमोन जागा झाला आणि रडायला लागला. भुकेचं रडणं, थांबणारं नव्हे. आगातानं काच खाली केली होती. तिनं कुणाकडेही न बघता बटणं सोडली आणि त्याला अंगावर घेतलं. पुरुषांनी तोंडं फिरवली. मिहोकनं घड्याळाकडे पाहिलं. फाटकाशी आता फक्त पोराच्या पिण्याचा आवाज होता, आणि ट्रॅक्टरचं यंत्र थंड होताना होणारी टिकटिक.

पाव्हलीना मोटारीशी गेली. आगातानं वर बघितलं. त्या सूपाच्या वाडग्यापासून तिनं आईकडे असं बघितलं नव्हतं.

"म्हण ना, आई," ती म्हणाली. "नेहमीचं."

पाव्हलीनानं हात पुढे केला. तिचं बोट शिमोनच्या गालापासून जरासं लांब थांबलं. तो डोळे मिटून, कपाळावर घाम घेऊन, जिवाच्या आकांतानं पीत होता. तिनं तोंड उघडलं. मग ती वळली आणि गजांपलीकडच्या मिहोकला म्हणाली,

"साहेब, फळ्या परत आणल्यात. बाकीचा माल हा पितोय."

फाटक उघडलं नाही. पोलिसही आले नाहीत. मिहोक आत निघून गेला. एमिलनं आपली खुर्ची बाहेर आणून पाव्हलीनाजवळ ठेवली, पण ती बसली नाही. शिमोन पोट भरेपर्यंत प्यायला. आगातानं त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं, तेव्हाही पाव्हलीना शेजारीच उभी होती, आणि एकदाही त्याला पी म्हणाली नाही.